बाबांसाठी ब्रेन ट्रेनिंग गेम हवाय, जुनं डीएस आणवू की स्विच? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

बाबांसाठी हातात धरून खेळायचं कन्सोल (व्हिडिओ गेमचं यंत्र) घ्यायचंय, निन्टेन्डो कंपनीचं डीएस किंवा स्विच, त्यावर आकडेमोड, सुडोकू, कोडी एवढंच चालवायचं, मारामारी रेसिंग काही नको. मावसभाऊ चवथीला दुबईहून फोंड्याला येतोय, तो आणतो म्हणाला, पण नक्की काय सांगू ते ठरत नाहीये.

बाबा मराठी प्राथमिक शाळेतले रिटायर्ड मास्तर. पाऊणकी, सवायकी, औटकी सगळं अजून तोंडपाठ, मार्केटात सव्वा किलो सुंगटांचे किती झाले ते मासळीवालीच्या आधी सांगतात. डॉक्टरांना दाखवलंय, वयाच्या मानाने सगळं ठीक आहे, पण शिकवण्या बंद केल्यापासून दुपार त्यांना खायला उठते. पेपरातलं सुडोकू चहा संपेपर्यंत सोडवून होतं, मग पुढे काय? फोनवर गणिताचे गेम टाकून दिले तर मधेच जाहिरात येते, ती बंद करायची फुली इतकी बारीक की बोट भलतीकडेच पडतं आणि कुठलं तरी ॲप डाउनलोड व्हायला लागतं, की फोन ठेवून देतात. म्हणून इंटरनेट नसलेलं, जाहिरात नसलेलं काहीतरी हवंय.

शोधाशोध केल्यावर निन्टेन्डोचा डॉ. कावाशिमांचा ब्रेन ट्रेनिंग गेम आवडला. जपानच्या तोहोकू विद्यापीठातले संशोधक र्‍युता कावाशिमा यांच्या नावाने २००५ मध्ये डीएसवर आला, कन्सोल पुस्तकासारखं उभं धरायचं आणि पेनने स्क्रीनवर उत्तर लिहायचं, वीस गणितं, शंभर गणितं, घड्याळ लावून. वर सुडोकूही आहे. रोज थोडा वेळ केलं की त्या दिवसाचा शिक्का मिळतो, आणि हा शिक्का प्रकार बाबांना भारी आवडणार बघा, आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांवर शेरे मारले त्यांनी.

पण अडचण अशी की बाबा आकडे देवनागरीत लिहितात. घाईत तर हमखास. त्यांचा १ बघितला तर इंग्रजी नऊच वाटतो, ४ ची आठ होते, ५ ला तर गेम काय समजेल देवच जाणे. आकडे इंग्रजीतच काढायचे म्हटलं तर घड्याळ चालू असताना हाताची सवय आड येणार आणि उत्तर बरोबर असून चूक धरलं जाणार, ते मला नकोय. कोणी घरच्या मोठ्यांना हे दिलंय का? डीएस घ्यावं की स्विच? आणि बाहेरून आणलेल्यावर इकडच्या कार्ट्रिज (यंत्रात घालायच्या गेमच्या चकत्या) चालतात का?

— — —

प्रतिसाद: पिक्सेलवेडा

मास्तरांना नमस्कार सांगा. रीजनचं आधी सांगतो: डीएसच्या कार्ट्रिजला रीजन लॉक (एका भागातला गेम दुसरीकडच्या यंत्रावर न चालणं) नाही, स्विचलाही नाही, डीएसनंतर आलेल्या ३डीएसच्या स्वतःच्या गेम्सना मात्र आहे. ३डीएसचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्येच बंद झालं, त्यामुळे तिकडे जाऊच नका. जुनंच घ्यायचं असेल तर डीएसचं मोठं मॉडेल, डीएसआय एक्सएल बघा, स्क्रीन ४.२ इंची, साध्या डीएसपेक्षा बरीच मोठी, पण सेकंडहँडच मिळणार, तेव्हा बिजागरी आणि टच दोन्ही तपासून घ्या.

स्विचवरचा ब्रेन ट्रेनिंग युरोपात जानेवारी २०२० ला आला, खोक्यातच पेन येतं. काही खेळ उजव्या जॉयकॉनच्या (स्विचच्या बाजूला लावायच्या कंट्रोलरच्या) कॅमेऱ्यापुढे बोटं दाखवून खेळायचे असतात, तो कॅमेरा स्विच लाइटला (छोट्या मॉडेलला) नाही आणि स्विच २ च्या नव्या जॉयकॉनलाही नाही. भावाला नीट बजावून सांगा.

आकड्यांचं तुमचं बरोबर आहे, गेम इंग्रजी आकड्यांसाठीच बनवलाय. मी तुमच्या जागी असतो तर लिहायचं नसलेले गेम घेतले असते, म्हणजे पिक्रॉस एस (आकडे बघून चौकोन भरत जायचे, चित्र तयार होतं, सुडोकूवाल्यांना लगेच जमतं) आणि बिग ब्रेन अकॅडमी, २०२१ चा. त्यात चौघं एकत्र खेळू शकतात आणि प्रत्येकाची काठिण्यपातळी वेगळी ठेवता येते, नातवंडं असतील तर बसवा सोबत.

प्रतिसाद: मांडवीकाठी

बुद्धी वाढेल म्हणून घेत असाल तर जपून. २०१० मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात ११,४३० लोकांचा अभ्यास आला होता, सहा आठवडे कॉम्प्युटरवर असले खेळ खेळून लोक त्या खेळांत तरबेज झाले, बाकी कशात फरक दिसला नाही. अर्थात ते लोक १८ ते ६० वयाचे होते, तुमच्या बाबांच्या वयाचे नव्हते.

— — —

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. मांडवीकाठी, बुद्धी वाढायला नकोच, आहे ती पुष्कळ आहे, दुपारी त्यांनी खिडकीत नुसतं बसू नये एवढंच. पिक्रॉसचं पटलं, साधा स्विच आणायला सांगतो भावाला. एकच शंका उरली, पिक्रॉसच्या मोठ्या कोड्यांत बाजूचे आकडे फार बारीक दिसतात का? बाबांना मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावरही बारीक अक्षर त्रास देतं. फोंडा, माशेल, पणजी कुठेही कोणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बाबांना घेऊन येतो, दहा मिनिटं हातात धरून बघू देत.