चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला, निघालं काय? अनुभव सांगा

नौपाडेकर :
परवा कापूरबावडीच्या सिग्नलला मीटरमध्ये ते इंजिनाचं पिवळं चित्र उगवलं आणि पोटात गोळा आला. गाडी नेहमीसारखीच चालत होती. सर्व्हिस सेंटरवाल्याने गाडी न बघताच फोनवर 'सेन्सर गेला असणार' सांगून टाकलं. आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड पी ०१७१. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. व्हॅक्यूमची बोटाएवढी नळी तडकून तिथून हवा खेचली जात होती. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता! नळी आणि मजुरी मिळून साडेतीनशे रुपये.
तुमच्याकडे काय निघालं?

कोपरखैरण्याहून :
उंदीर. सकाळी गाडी चालू केली तर अंगात आल्यासारखी थरथरायला लागली, दिवा लुकलुकतोय. बॉनेट उघडलं तर बॅटरीशेजारी अर्धी पोळी आणि कॉइलची वायर कुरतडलेली. कोड पी ०३०३, तिसऱ्या सिलिंडरचं मिसफायर, म्हणजे तिथलं पेट्रोल नीट पेटतच नव्हतं. मी तशीच वाशीपर्यंत न्यायला निघालो होतो, मेकॅनिक फोनवरच ओरडला. दिवा नुसता लागलेला असेल तर जपून गॅरेज गाठता येतं, लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्यायची. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन जळतं आणि धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून निघतो. तो बदलायचा खर्च विचारू नका.

वर्तकनगर :
माझा तर रोज लागतो, चावी फिरवली की!

नौपाडेकर :
इंजिन सुरू झाल्यावर विझतो ना? मग ठीक आहे, बल्ब चालू आहे एवढंच दाखवतो.

घोडबंदर रोड, डिझेलवाला :
बीएस ६ डिझेल. घर ते ऑफिस सहा किलोमीटर, तेही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, साठलेली काजळी जाळायला गाडी सलग वेगात पळावी लागते, आणि आमच्याकडे वेग असतो रात्री दोनला. आधी डीपीएफचा दिवा लागला, मी कानाडोळा केला. मग इंजिनाचाही लागला आणि पिकअप मेला. सर्व्हिस सेंटरमध्ये मशीन लावून काजळी जाळावी लागली. आता दर रविवारी नाशिक हायवेने पडघ्यापर्यंत फेरी. बायको म्हणते, 'डिझेलची हौस कोणाला होती?'

ऐरोली :
मी शहाणपणा करून बॅटरीची वायर काढली. दिवा गेला, तीन दिवसांनी परत हजर. कोड पुसला गेल्याने मधले तीन दिवस मेकॅनिकला दाखवायला काही उरलं नव्हतं.

नौपाडेकर :
कोपरखैरणे, उंदरांवर काय उपाय केलात?

कोपरखैरण्याहून :
कोणीतरी सांगितलं म्हणून बॉनेटमध्ये तंबाखूच्या पुड्या बांधल्या. उंदीर अजून येतात. एसी लावला की मुलं मात्र विचारतात, बाबा, गाडीत कोण मळतंय?