परसातली माती धरायला दगडी बांध: सुका रचावा की सिमेंटात?

परसदार_लांजा:
नमस्कार मंडळी, घर लांज्याजवळ आहे, मागे उतार आहे आणि दर पावसाळ्यात परसातली माती सुटून खाली पडवीपर्यंत येते, यंदा तर अळूचा वाफा आख्खा खाली आला. बांध घालायचाय, उंची 5 फूट आणि लांबी 30 फूट धरा. गवंडी म्हणतो चिरा (जांभा दगड) सिमेंटात लावू, 9 इंची भिंत बास झाली. आई म्हणते काळा दगड आपल्याच जागेत पडलाय तर सुका बांध रचून घे, पूर्वी सगळे तसेच होते. वरच्या कडेपासून 3 फुटांवर 2000 लिटरची पाण्याची टाकी पण आहे. काय करू?

साइटवाला:
9 इंची अजिबात करू नका हो. भिंत मातीने पडते त्यापेक्षा जास्त पाण्याने पडते. मागे 5 फूट पाणी तुंबलं तर दर मीटर लांबीला नुसत्या पाण्याचाच रेटा टनाच्या वर जातो, वर ओल्या मातीचा रेटा वेगळा, आणि कोकणातल्या पावसात ते तुंबणारच. सिमेंटातच करायची असेल तरी तळाला रुंदी उंचीच्या निम्मी तरी ठेवा, दर 4-5 फुटांवर 3 इंची पाइपचे तुकडे बाहेरच्या बाजूला उतार देऊन टाका आणि भिंतीमागे फूटभर रुंद खडीचा थर भरा, नाहीतर पाइप मातीने बुजून जातात. टाकी भरली की 2 टन वजन आहे, ती आधी हलवा, कडेपासून निदान 5-6 फूट आत.

दगडकाम:
आईंचं ऐका दादा. सुक्या बांधाला वेगळी भोकं लागत नाहीत, पाणी प्रत्येक सांध्यातून निघून जातं. पाया दीड फूट खोल, घट्ट मुरूम लागेपर्यंत, आणि त्याचा तळ डोंगराकडे किंचित उतरता. सगळ्यात मोठे दगड खाली. तळाला अडीच फूट रुंदी घ्या आणि दर्शनी बाजू फुटाला दीड इंच आत झुकवत न्या, म्हणजे माथ्याला पावणेदोन-दोन फूट राहते.

आता खरी गोष्ट रचण्यात आहे. दगडाची लांब बाजू आत मातीकडे जायला हवी. बरेच जण दगड छान दिसावा म्हणून लांब बाजू बाहेर लावतात आणि मग तो बांध दोन-तीन पावसांत पोट काढतो. दगड ठेवला की वर हात ठेवून हलवून बघायचा, डुलला तर मागून कपची ठोकायची, पुढून ठोकलेली कपची निसटून येते. खालच्या दोन दगडांमधला उभा सांधा वरच्या दगडाने झाकलाच पाहिजे. दर थराला मागची पोकळी हाताने लहान दगड रचून भरायची, पाटी ओतून नाही.

हिरवीकड:
वरच्या कडेला उथळ चर काढून पागोळ्यांचं पाणी बाजूला वळवा, ते आधी करा. आणि बांधाच्या माथ्यामागे वाळा लावा, त्याची मुळं सरळ खाली 2-3 मीटर जातात, आजूबाजूला पसरून दगड उचलत नाहीत. वड-पिंपळाचं रोप फटीत दिसलं की तेव्हाच उपटा.

परसदार_लांजा:
खूप आभार सगळ्यांचे! टाकी हलवतो, प्लंबरला आजच सांगितलं. दगड कमी पडला तर खाली काळा आणि वरच्या दोन थरांना चिरा चालेल का? आणि सगळी 30 फूट एकदम खणू का?

दगडकाम:
वर चिरा चालेल, जुना, वाऱ्याला पडून कडक झालेला घ्या, खाणीतून ताजा काढलेला मऊ असतो. खणायचं मात्र 10-10 फुटांच्या टप्प्यानेच, एक टप्पा वर आला की पुढचा, एकदम उघडलंत तर माती माणसांच्या अंगावर येईल. आणि मृगाच्या आधी माथा बांधून झाला पाहिजे, त्या हिशोबाने मार्चमध्येच सुरू करा.