मुरुडहून दिवेआगर, गाडी नाही, सोबत आई: लाँच की जंगल जेट्टी?

किनारावेडी:
डिसेंबरात मी आणि आई (वय ७१, गुडघे दुखरे) मुरुडला दोन दिवस आहोत, तिथून दिवेआगरला जायचंय. आगरदांड्याहून दिघीला खाडी ओलांडून जातात एवढं माहितीये, पण लाँच बरी की जंगल जेट्टी (गाड्याही नेते ती फेरीबोट)? आईला बोट लागते. रूम ते रूम दोघींचं ५०० च्या आत बसवायचंय. प्लीज "गाडी करा" सांगू नका.

पुणेरी_स्टेअरिंग:
गाडी करा. आम्ही मागच्या वर्षी इनोव्हा थेट जेट्टीवर चढवली, खाली पण उतरलो नाही, एसी चालू. आईंचं वय बघता ५०० वगैरे विसरा.

पोटोबा:
दिवेआगरला उकडीचे मोदक आधी सांगून ठेवा, ऐनवेळी मिळत नाहीत. बोटीचं माहीत नाही.

खाडीपल्याड:
माझं सासर दिवेआगरजवळच्या बोर्लीला म्हणून सांगते. एक म्हणजे राजपुरी आणि आगरदांडा यात घोळ करू नका, राजपुरीला जंजिऱ्याच्या बोटींची गर्दी असते. आमचे एक पाहुणे तिथे तासभर उभे राहिले आणि शेवटी किल्ला बघून परत आले 😀 दुसरं, गुडघे दुखत असतील तर जंगल जेट्टीच, रॅम्पवरून सरळ चालत आत जाता येतं, लाँचमध्ये हलत्या बोटीत पाय टाकायचा असतो.

दर्यावर्दी६१:
आमच्या वेळी राजपुरीहूनच लाँच सुटायची दिघीला. कोंबड्या, सायकली, नवरी मुलगी, सगळं एकाच लाँचमध्ये. आता सगळ्यांना रॅम्प पाहिजे.

पुणेरी_स्टेअरिंग:
@दर्यावर्दी६१ काका, कोंबड्यांचा सल्ला कोणी मागितला नाहीये.

उगाच_एक_शंका:
दिवेआगरचा सोन्याचा गणपती चोरीला गेला ना? मग एवढ्या लांब जायचं कशाला?

खाडीपल्याड:
चोरी २०१२ ची. २०२१ मध्ये मुखवटा परत बसवला. जरा अपडेट राहा. निसर्ग वादळात आमच्या सुपारीच्या बागा झोपल्या ते कोणी विचारत नाही, गणपतीचं मात्र सगळ्यांना विचारायचं असतं.

बोट_लागते_क्लब:
बोट लागण्यावर हक्काने बोलू शकते, मी मांडव्याला जातानासुद्धा ओकलेय. रिकाम्या पोटी जायचं नाही, तट्ट जेवूनही नाही. बोटीच्या मधोमध बसा, मोबाईल बंद, नजर लांब किनाऱ्यावर ठेवा. गोळी आधी घ्यावी लागते, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. आईंना बीपीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या. आणि ही खाडी आहे हो, भर समुद्र नाही, बसेपर्यंत दिघी येते.

पुणेरी_स्टेअरिंग:
तेच सांगतोय, खाडी आहे, गाडीत बसलं की कळत पण नाही.

रिकामा_खिसा:
खरा खर्च बोटीचा नाहीच, दिघीला उतरल्यावर रिक्षाचा आहे. मी संध्याकाळच्या बोटीने गेलो, एसटी निघून गेलेली, रिक्षावाल्याने माझा चेहरा बघूनच भाडं ठरवलं. सकाळी निघा, बोर्ली पंचतनकडे जाणारी एसटी किंवा शेअर रिक्षा बघा, बोर्लीहून दिवेआगर जवळच आहे. बोटीच्या वेळा आदल्या दिवशी मुरुडलाच विचारा, गुगलवर जाऊ नका.

खाडीपल्याड:
+१, सकाळी निघा. आणि जंगल जेट्टीच घ्या.

बोट_लागते_क्लब:
जेट्टीच.

किनारावेडी:
थँक्यू सगळ्यांना. मी जेट्टी नक्की केली होती, पण आईला धागा वाचून दाखवला तर दर्यावर्दी काकांच्या कोंबड्यांपाशी तिने थांबवलं. तिचं आजोळ म्हसळ्याकडचं, लहानपणी ती याच खाडीतून लाँचने जायची. म्हणते, लाँच असेल तर लाँचनेच जायचं, चढताना हाताला धरायला तू आहेस ना. गोळी पण नको म्हणते, आवळासुपारी पुरते. सकाळी निघणार हे मात्र पक्कं.

पुणेरी_स्टेअरिंग:
मग विचारलं कशाला?

दर्यावर्दी६१:
आईंना नमस्कार सांगा. म्हसळ्यात कोणाकडच्या?