घरची शुश्रूषा आणि नर्सिंग

घरच्या आजारपणात सेवा केली म्हणून नर्सिंगला जाणं म्हणजे भावनेच्या भरात घेतलेला निर्णय, हे या धाग्यावरच्या चर्चेत आलेलं मत मला अर्धंच पटतं. भावना असतेच, पण त्याबरोबर हातांना सवयही लागते, ती कोणी हिशेबात धरत नाही.

आमच्या आजीला अर्धांगवायू झाला तेव्हा मी अकरावीत होते. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा नि माकडहाड बघायचं. घरी येणाऱ्या सिस्टरताईंनी दाखवलं: लाल झालेल्या जागी बोट दाबायचं, दाबल्यावर ती पांढरी पडली नाही तर बेडसोअरची (एका जागी पडून राहून होणाऱ्या जखमेची) सुरुवात समजायची. नळीतून पेज देताना डोकं उंच, नंतरही निदान अर्धा तास तसंच. पुढे जीएनएमला (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, नर्सिंगचा डिप्लोमा) हेच धडे आले, तेव्हा वर्गातल्या मुली पाठ करत होत्या आणि मला आजीची टाच दिसत होती.

मात्र घरी एकच पेशंट असतो, आणि तो आपला. वॉर्डात तीस, त्यातले दोघे शिव्या देणारे. नाइट ड्युटी वेगळीच! तिथे माया कमी, नोंदी जास्त.

धाग्यात ज्यांच्या भाचीला नर्सिंगला जायचंय पण बारावी कॉमर्समधून केलीय, त्यांनी घाबरू नये. जीएनएमला (तीन वर्षं) कुठल्याही शाखेची बारावी चालते; बीएस्सी नर्सिंगला मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे ना, एवढं आधी बघा. आणि तिला एकदा रात्रपाळीच्या सिस्टरशी बोलू द्या.