सील लागलेलं घर आणि गल्ली
"लिलाव झाला की नवा मालक येतो, गल्ली आपोआप सावरते" हे कर्ज थकून सील झालेल्या घरांबद्दलचं म्हणणं पटलं नाही. आमच्या शहराच्या पूर्व भागात एका माग कामगाराच्या घराला बँकेचं सील लागलं, त्यानंतर दोन वर्षं गिऱ्हाईकच फिरकलं नाही. दारात कचऱ्याचा ढीग, आणि शेजारच्या भिंतीला ओल, ती वेगळीच.

घर वाचवायची खरी वेळ लिलावाआधीची असते. सरफेसी कायद्यात (थकलेल्या कर्जापायी तारण घर कोर्टात न जाता ताब्यात घेऊन विकायची मुभा बँकेला देणारा कायदा) नोटिशीनंतर थकबाकी भरायला 60 दिवस मिळतात. त्यात लेखी हरकत घेतली तर बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 2016 च्या दुरुस्तीनंतर सगळं येणं भरून घर सोडवायचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच उरतो. "पेपरात जाहिरात येऊ दे, मग बघू" म्हणणारे (आमचे शेजारी त्यातलेच) तिथंच अडकतात.