मदत हवी आहे: लिबरल आर्ट्स कॉलेजात चित्रकला मेजर
नमस्कार मंडळी. लेकीला यंदा बारावीनंतर अमेरिकेत ओहायोमधल्या ओबरलिन कॉलेजात जायचंय, स्टुडिओ आर्ट मेजर (मुख्य विषय) घेऊन. ती लिनोकट करते, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून, शाई लावून त्याचे छापे काढते. घरी प्रेस नाही, म्हणून कागदावर लाटणं फिरवते, आणि छापे फारच सुंदर येतात.

तिथलं संग्रहालय विद्यार्थ्यांना अस्सल चित्रं सेमिस्टरभर खोलीत लावायला देतं, एका चित्राला पाच डॉलर भाडं. पिकासोसुद्धा! ही प्रथा 1940 पासूनची. हे वाचल्यापासून तिला दुसरं काही सुचत नाही.

माझी काळजी वेगळी आहे. पदवी बीए मिळणार, बीएफए (फाइन आर्टची पदवी) नाही. लिबरल आर्ट्स कॉलेज असल्याने स्टुडिओसोबत इतर विषयही बरेच घ्यावे लागतात. आमच्या मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात चार वर्षं हाताला जो सराव मिळतो, तेवढा तिथे मिळेल का? पुढे एमएफएला (फाइन आर्टच्या मास्टर्सला) पोर्टफोलिओ कमी पडतो का? शिवाय या विषयाला ओपीटी (शिक्षणानंतर अमेरिकेत काम करायची परवानगी) एकच वर्ष, मग काम कसं मिळवलंत?

तुमची मुलं अशा छोट्या कॉलेजात कला शिकली असतील, किंवा तुम्ही स्वतः शिकला असाल, तर कृपया सविस्तर लिहा. स्कॉलरशिप वजा जाता रंग-कागदाचा खर्च वर्षाला किती येतो, तेही सांगा.