दोरी बांधायची ती नळी

(ग्रुप: अंगण, सभासद ११)

शनिवार

मंदार (एडिसन, न्यू जर्सी): सगळ्यांना एकदमच सांगतो, प्रत्येकाला वेगळा फोन नको. घराचा सौदा अडकलाय. मोडला नाही, अडकलाय. घेणाऱ्यांनी काल 'टँक स्वीप' करून घेतली. एक माणूस धातू शोधायचं यंत्र घेऊन अंगणभर फिरला. घराला जोडलेल्या लाकडी डेकच्या कोपऱ्याशी आल्यावर यंत्र कोकलायला लागलं. मग जमिनीखालचं दाखवणारं रडार आणलं, बाबागाडीसारखं ढकलत न्यायचं. दोनेक फूट खाली लोखंडी टाकी निघाली. ५५० गॅलनची, म्हणजे साधारण २,०८० लिटर.

आई: कसली रे टाकी? पाण्याची?

मंदार: तेलाची गं. आपलं घर १९५७ सालचं. तेव्हा इकडे थंडीत घर तापवायला तेल जाळायचे आणि टाकी अंगणात पुरायचे. पुढे गॅस आला. आधीच्या कुणीतरी मालकाने गॅस घेतला आणि टाकी तशीच ठेवली, आत थोडं तेल ठेवून. आम्ही २०१२ ला घेतलं तेव्हा ही तपासणी केलीच नव्हती. घर तपासणाऱ्याने घर तापवायची भट्टी बघितली, छप्पर बघितलं, पैसे घेतले, गेला.

नितीनदादा (चिपळूण): व्हेंट नव्हता का? टाकी म्हटली की वर हवेची नळी येतेच. आमच्या पेट्रोल पंपावर बघ ना, भिंतीलगत उंच पाईप उभे असतात.

मंदार: होता. भिंतीला लागून, कमरेएवढा, वर वाकवलेला.

आई: अगोबाई, तो का? मी त्याला वाळणाची दोरी बांधत होते! दोन उन्हाळे बांधली. म्हटलं कसला तरी जुना पाईप असेल.

प्राजक्ता (हार्टफर्ड): 😂😂😂 काकू

मंदार: आई, तुला नाही हसत. मीपण रोज बघत होतो. तळघरात भिंतीतून दोन तांब्याच्या बारीक नळ्या बाहेर आल्यात, टोकं चेपलेली. त्यांच्याखाली मी दहा वर्षं कणकेची पोती ठेवतोय. एकीतून तेल भट्टीकडे यायचं, दुसरीतून उरलेलं परत जायचं.

श्रीकाका: मंदार, मुख्य प्रश्न. टाकी गळते का?

मंदार: उकरल्याशिवाय कळत नाही काका. सोमवारी उकरतायत. त्याला नगरपालिकेची परवानगी लागते, त्यांचा इन्स्पेक्टर उभा राहून बघतो.

नितीनदादा (चिपळूण): एक विचारू, रागावू नको. वर माती ओढ आणि गप बस. तेल तू टाकलंस का?

मंदार: दादा, पहिला विचार तोच आला, खोटं नाही बोलत. पण आता घेणाऱ्याला माहितीये, एजंटला माहितीये. आणि इथला १९७६ चा कायदा असा आहे की तेल सांडलं कुणी हे नंतर बघू, आज जमीन ज्याच्या नावावर त्याच्या मागे लागता येतं. गळती दिसली की राज्याच्या पर्यावरण खात्याच्या हॉटलाइनला फोन करावाच लागतो. ते केस नंबर देतात.

आई: म्हणजे त्याने सांडायचं आणि तू पुसायचं.

मंदार: हो.

विनयभाऊजी: 🌹 शुभ रात्री. सुविचार: शांत मन हीच खरी संपत्ती 🌹

प्राजक्ता (हार्टफर्ड): भाऊजींचं टायमिंग.

सोमवार

मंदार (एडिसन): (फोटो) (फोटो) (फोटो)

मंदार: निघाली. आधी वरून कापली, आतलं तेल पंपाने ओढलं, मग एक मुलगा मास्क लावून आत उतरला आणि तळाचा गाळ खरवडला. कढईच्या बुडाची खरपुडी काढावी तसा. मग पोकलेनने उचलून उलटी केली. तिसरा फोटो बघा. तळ म्हणजे सोऱ्याची शेवेची चकती झालाय. भोकं सुईएवढीच, पण मोजवत नाहीत.

नितीनदादा (चिपळूण): तळालाच का सांगू? टाकीत दमट हवा जाते, गारव्याला पाणी धरतं, आणि पाणी तेलापेक्षा जड, ते बुडाशी बसतं. आतून तिथे गंज, बाहेरून ओल्या मातीने गंज. आम्ही म्हणून पंपावर रोज सकाळी डिप घेतो, टाकीत पट्टी बुडवून बघतो. पट्टीच्या टोकाला पेस्ट लावायची, पाणी असेल तर पेस्टचा रंग बदलतो. ही टाकी कुणी बघितलीच नाही इतकी वर्षं.

मंदार: एक गंमत बघा. आमच्याकडची माती लालभडक, आपल्या गुहागरची आठवण येते इतकी. मध्य जर्सीत खाली लाल शेल खडक आहे. पण टाकीखाली खड्ड्यात माती राखाडी, हिरवट. एका फुटावर लाल, खाली एकदम करडी, जशी रेघ मारलीय. आणि वास! जेटीवर मचव्याच्या इंजिनापाशी येतो तो.

श्रीकाका: अरे, ही तर वर्गात शिकवण्यासारखी गोष्ट आहे! लाल रंग लोहाचा. तेल झिरपलं की मातीतले जीवाणू ते खायला लागतात, त्यात प्राणवायू संपतो. मग ते प्राणवायूच्या जागी लोह वापरतात, लोह दुसऱ्या रूपात जातं, विरघळतं आणि रंग उडतो. मातीचा रंग इतका उडलाय म्हणजे तेल कालपरवा गळलेलं नाही, बरीच वर्षं गळतंय.

मंदार: इन्स्पेक्टर एवढंच म्हणाला, "यप, ओल्ड वन."

आई: मी तिथे अळू लावला होता ना. दोन वर्षं लावला. डेकच्या पलीकडे.

प्राजक्ता (हार्टफर्ड): काकू, ते फतफतं मी खाल्लंय. तीनदा मागून.

श्रीकाका: वहिनी, घाबरू नका. टाकीचा तळ सहा-सात फुटांवर, अळूची मुळं वर. आणि तेल गळून खाली जातं. पाणी कुठलं आहे मंदार, विहिरीचं?

मंदार: नाही काका, गावचं नळाचं. विहीर असती तर आज मी ग्रुपवर नसतो, वकिलाकडे असतो.

श्रीकाका: मग आता ऐक. जीवाणूच सोड त्याच्यावर. आपल्याकडे टेरी या संशोधन संस्थेने 'ऑइलझॅपर' काढलंय, पाच जातींचे जीवाणू, मक्याच्या कणसाच्या भुशावर बसवलेले. २०१० साली ऑगस्टमध्ये मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया या दोन जहाजांची टक्कर झाली, किनाऱ्यावर तेल आलं, तेव्हा ते वापरलं होतं. आणि तुमच्या अमेरिकेतच आनंद चक्रवर्तींनी तेल खाणारा जीवाणू बनवला, पेटंटसाठी सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. १९८० ला निकाल लागला, पाच विरुद्ध चार. जिवंत वस्तूला पेटंट मिळू शकतं म्हणाले.

आई: मग भावजी, ती पावडर कुरिअरने पाठवता येईल का?

मंदार: आई!! कस्टमवाले आधी मला आत टाकतील.

मंदार: काका, मी विचारलं त्यांना. म्हणाले होतं, पण महिने लागतात. चिकट मातीत हवा खेळत नाही आणि हवा नाही तर हे जीवाणू सुस्त. इथे घेणाऱ्याच्या कर्जमंजुरीची मुदत सहा आठवड्यांची. म्हणून इकडे बहुतेक जण एकच करतात, खणून काढा आणि ट्रक भरून परवाना असलेल्या जागी नेऊन द्या. अंदाजे ४० टन म्हणाले.

नितीनदादा (चिपळूण): ४० टन म्हणजे दोन मोठे डंपर. खर्च?

मंदार: टाकी काढायचे २,४०० डॉलर. मातीचा अंदाज २८,०००. कृपया कुणी रुपये करायला गुणू नका.

विनयभाऊजी: गुणलं.

विनयभाऊजी: बोलत नाही.

प्राजक्ता (हार्टफर्ड): इन्शुरन्स नाही का देत?

मंदार: हेच तर चक्रावून टाकणारं आहे. माझ्या पॉलिसीत माझ्याच मालकीच्या मातीचं नुकसान धरत नाहीत. पण तेल भूजलापर्यंत गेलं असेल तर ते माझ्या मालकीचं नाही, तिसऱ्याचं नुकसान झालं, म्हणून दावा करता येतो. आता तूच सांग, खड्ड्यात पाणी निघू नये म्हणून देवाला सांगू, की निघावं म्हणून?

आई: असलं काही देवाला सांगू नये.

गुरुवार

मंदार (एडिसन): माती गेली. खड्डा साडेनऊ फुटांवर शेलला लागला, खाली कोरडा. पाणी नाही. म्हणजे बातमी चांगली आणि बिल माझं. पायाच्या बाजूला जरा करडी माती राहिलीय असं वाटतंय, पण तिकडे अजून खणलं तर घरच बसेल. चार बाजू आणि तळ मिळून पाच नमुने लॅबला गेलेत. आकडे मर्यादेत आले की सगळा कागद खात्याकडे, आणि मग ते 'यापुढे काही करायची गरज नाही' असं पत्र देतात. घेणाऱ्याचा वकील त्या पत्रासाठी थांबलाय.

नितीनदादा (चिपळूण): पायाकडचा नमुना फेल गेला तर?

मंदार: मग टेकू लावून पायाखालून काढायची. त्याचा आकडा मी विचारलाच नाही. आज नाही विचारणार.

प्राजक्ता (हार्टफर्ड): दादा, आम्ही रविवारी जे घर बघणार आहोत ते १९६२ चं आहे. एजंट म्हणते टाकी नाही, आधीचे मालक 'नाही' लिहून देतील.

मंदार: 'आम्हाला माहीत नाही' असं लिहून देतील, ते वेगळं. स्वीप कर. मला तेव्हा काही शे डॉलर वाचवायचे होते. तळघरात तांब्याच्या नळ्या बघ, भिंतीबाहेर पाईप बघ, नगरपालिकेत जुने परवाने बघ. जुनी टाकी काढली असेल तर कागद असणारच. आणि वाळू भरून तशीच ठेवलीय म्हणाले तरी मातीचा रिपोर्ट माग. वाळू भरली म्हणजे आधी गळलं नव्हतं असं नाही.

प्राजक्ता (हार्टफर्ड): बरं. काकूला घेऊन जाते, दोरी कुठे बांधता येईल ते ती बरोबर शोधेल.

आई: हसा. मंदार, त्या खड्ड्यात आता काय घालणार?

मंदार: स्वच्छ माती, दाखल्यासकट. कुठल्या खाणीतून आली, तपासली कधी, सगळं लिहिलेलं.

आई: मातीला दाखला! आणि आपला तो पाईप?

मंदार: भंगारात गेला, टाकीबरोबर. दोरी ठेवलीय.

श्रीकाका: मंदार, तळाचा तो फोटो परत टाक. माझ्याकडे उतरलाच नाही.